मोटारीतील स्टीरिओ बदलताना

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या कुंभकोणम या नगराच्या परिसरात नवग्रहांची नऊ देवालये आहेत. सूर्यनार कोविल, कंजनूर, आलंगुडी, तिरुनागेश्वरम ही त्यांतली जवळची. बुधाचे तिरुवेंकाडू आणि शनीचे तिरुनळ्ळार ही समुद्राच्या बाजूला, बरीच लांब. ही सारी स्थाने एकाच दिवसात घडवून आणणाऱ्या भाड्याच्या मोटारी पहाटे निघतात त्या रात्रीच परततात. एवढ्या वेळात चालकासमोरचा स्टीरिओ क्वचितच बंद असतो. त्यातून तमिळ भक्तिगीते ऐकू येतात, संस्कृत स्तोत्रे ऐकू येतात आणि कधीकधी चक्क मराठी अभंगही. यात नवल नाही. तंजावरला सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते आणि त्या काळात या प्रदेशातील भजनपरंपरेत रुजलेला अभंग आजही तेथे गायिला जातो.

असा स्टीरिओ एखाद्या वैशाखात एकाएकी मुका होतो. मोटार दहा-बारा वर्षांची झालेली असते. इंजिन उत्तम चालत असते. पण समोरचा पडदा काळा पडतो. मग मालकापुढे दोन मार्ग उभे राहतात. कंपनीची अधिकृत कार्यशाळा सांगते की संपूर्ण संच नवा घालावा लागेल, आणि सांगितलेली किंमत ऐकून मालक गप्प होतो. बाजारातील दुकानदार सांगतो की तासाभरात मोठ्या पडद्याचा नवा संच बसवून देतो, तोही कितीतरी स्वस्तात. या दोघांपैकी कोणाचेही म्हणणे सरसकट खोटे नसते. परंतु त्या काळ्या पडद्यामागे काय आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याला निवड करता येत नाही. तो केवळ विश्वास ठेवू शकतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू, कारण आजच्या अडचणीचे मूळ त्यात आहे. अमेरिकेतील गॅल्विन कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला. पुढे कंपनीनेच ते नाव धारण केले. जर्मनीत १९३२ साली ब्लाऊपुंक्टचा मोटार-रेडिओ आला. हे सारे रेडिओ मोटारीचे अवयव नव्हते. ते तयार मोटारीत नंतर बसविलेले पाहुणे होते. भारतातही दीर्घकाळ हीच रीत होती. अँबॅसडर किंवा पद्मिनी घेणारा बहुतेक मनुष्य रेडिओ वेगळा घेई, तो दुकानातून बसवून घेई आणि त्याचा परवानाही काढी. फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट पुढे मोटारीत शिरली आणि आपल्याकडे या यंत्राला ‘टेप’ हे नाव चिकटले. कॅसेट गेली, तबकडी गेली, तरी ‘गाडीचा टेप’ हा शब्दप्रयोग अजून ऐकू येतो. मूळ संच आणि बाहेरचा संच असा भेदच त्या काळी फारसा नव्हता, कारण बहुतेक संच बाहेरचेच असत.

पुढे कारखान्यांनी स्टीरिओ स्वतःच बसवायला सुरुवात केली, आणि हळूहळू तो मोटारीच्या देहात विणला गेला. चक्रावरची बटणे त्याच्याशी बोलू लागली. मागे जाताना अडथळ्याची सूचना देणारा आवाज, पाठीमागच्या कॅमेऱ्याचे चित्र, कधी घड्याळ आणि बाहेरचे तापमान हेही त्याच्याच पडद्यावर आले. काही मोटारींत तर पडदा एकीकडे, बटणे दुसरीकडे आणि खरे यंत्र तिसरीकडे असते. एक डबा काढून दुसरा डबा घालणे हे काम जेथे होते, तेथे आता शस्त्रक्रियेसारखी काळजी लागते.

मात्र शस्त्रक्रियेपूर्वी निदान आवश्यक आहे. मुका झालेला प्रत्येक संच मेलेला नसतो. सर्वांत आधी पाहावयाचा तो फ्यूज. तो एक मोटारीच्या फ्यूजपेटीत असतो आणि बहुधा दुसरा संचाच्या पाठीवर. दुसरी गोष्ट म्हणजे जमिनीची तार, अर्थात मोटारीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली ऋण तार. तिचा स्क्रू गंजून सैल झाला की संच मधूनच बंद पडतो आणि खड्ड्यातून जाताना पुन्हा जागा होतो. तिसरी गोष्ट सांकेतिक अंकांची. बॅटरी काढून पुन्हा जोडली की काही कंपन्यांचे संच चोरीच्या भीतीने स्वतःला कुलूप घालतात आणि ठरावीक अंक भरल्याशिवाय एक शब्दही बोलत नाहीत. ते अंक मोटारीच्या कागदपत्रांबरोबर दिलेले असतात. आवाज एकाच बाजूचा गेला असेल तर दोष बहुधा स्पीकरचा, अथवा दारात वारंवार वाकून तुटलेल्या तारेचा असतो. अशा वेळी नवा संच घेणे म्हणजे चष्मा फुटला म्हणून डोळा बदलण्यासारखे आहे.

उरतो तो खरा मृत्यू, आणि त्याचे कारण पुष्कळदा उष्णता हे असते. उन्हात काचा लावून उभ्या असलेल्या मोटारीत डॅशबोर्डाचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सियसच्या आसपास सहज जातो. संचाच्या आत विद्युत्प्रवाहातील चढउतार शांत करणारी संधारित्रे असतात. दुरुस्तीवाले त्यांना कॅपॅसिटर म्हणतात. त्यांच्यात द्रव भरलेला असतो. स्थूल नियम असा आहे की तापमान १० अंशांनी वाढले की या द्रवयुक्त संधारित्राचे आयुष्य निम्मे होते. त्यात त्रिभुज प्रदेशातील दमटपणाची भर पडते आणि कारैकल-नागपट्टणमकडे नेहमी जाणाऱ्या मोटारींना खारा वाराही लागतो. तारा कुरतडणाऱ्या उंदरांचा उल्लेखही येथे केला पाहिजे. भाताच्या कोठारांचा हा प्रदेश आहे. फुगलेले संधारित्र किंवा तडकलेला सांधा कुशल कारागीर अल्प खर्चात बदलू शकतो. माझ्या मते नवा संच घेण्यापूर्वी हा मार्ग एकदा अवश्य चोखाळावा. दुर्दैवाने असे कारागीर आता विरळ होत आहेत, कारण जुने दुरुस्त करण्यापेक्षा नवे विकण्यात दुकानाचा लाभ अधिक आहे.

आता समजा, संच बदलायचाच आहे. पहिला प्रश्न मापाचा. डॅशबोर्डातील कोनाड्याचे माप जर्मन ‘डिन’ मानकाने ठरविले आणि १९८४ साली ते आयएसओ ७७३६ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय झाले. एकेरी संचाचा दर्शनी भाग सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असतो. दुहेरी संच तितकाच रुंद, पण १०० मिलिमीटर उंच. भाड्याच्या मोटारींत लोकप्रिय असलेल्या टोयोटाच्या अनेक गाड्यांत ही रुंदी २०० मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून प्रमाण मापाचा संच घातल्यास दोन्ही बाजूंना फट उरते. ज्या गाडीचा मूळ संच वेड्यावाकड्या आकाराचा आहे तिच्यासाठी वेगळी प्लास्टिकची चौकट मिळते. ती आधी मिळवावी, मग संच घ्यावा. क्रम उलटा केला की दुकानात कानस आणि करवत बाहेर येते.

खरी कसोटी तारांची. बाजारातील संचाच्या पाठीमागून निघणाऱ्या तारांचे रंग बहुतांशी ठरलेले आहेत. काळी तार जमिनीची. पिवळी बॅटरीला सतत जोडलेली. लाल तार किल्ली फिरविल्यावरच जिवंत होणारी. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरांच्या; प्रत्येकीची एक साधी आणि एक काळ्या रेघेची अशी जोडी. निळी तार आकाशकाडीला किंवा वेगळ्या ध्वनिवर्धकाला ‘जागा हो’ असे सांगते. परंतु लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की हे रंग संचाच्या बाजूचे आहेत. मोटारीच्या बाजूने येणाऱ्या तारांना प्रत्येक कंपनी आपले स्वतंत्र रंग देते, आणि पिवळ्याला पिवळी जोडणारा उत्साही कारागीर येथेच फसतो. मोटारीची प्रत्येक तार मीटरने मोजल्याखेरीज तिच्यावर विश्वास ठेवू नये.

पिवळी आणि लाल अशा दोन तारा कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. संचाला लागणारा मुख्य प्रवाह पिवळ्या तारेतून येतो आणि आकाशवाणीची केंद्रे, आवाजाची मांडणी, घड्याळ यांची स्मृतीही तिच्यावरच जगते. लाल तार केवळ निरोप देते की मालक आला आहे. या दोघींची अदलाबदल झाली तर किल्ली काढताच संच सारे विसरतो आणि दररोज सकाळी तिरुचिरापल्ली केंद्र नव्याने शोधावे लागते. लाल तारही सतत वाहत्या प्रवाहाला जोडली तर संच कधी झोपतच नाही. बंद वाटणारा असा संच ०.३ अँपिअर ओढत राहिला तर दिवसाला सुमारे ७ अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी होते. झोपलेल्या निरोगी संचाला याच्या कितीतरी पट कमी प्रवाह पुरतो. नवा स्टीरिओ बसविल्यावर ‘बॅटरी खराब झाली’ अशी जी तक्रार येते, तिचा उगम बरेचदा येथे असतो.

स्पीकरच्या तारांविषयी एक जुना समज घातक आहे. पूर्वीच्या साध्या रेडिओत स्पीकरची एक तार सांगाड्याला जोडून काम भागे. आजच्या संचात स्पीकरच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र ध्वनिवर्धक असतात. एक ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. त्यांतील कोणतीही तार सांगाड्याला लागली की संचातील अंतिम चकती जळण्याची भीती असते. जुन्या पद्मिनीत नवा संच बसविणाऱ्याने म्हणून दारापर्यंत नव्या जोडतारा ओढाव्यात. तसेच एका स्पीकरची धन-ऋण बाजू उलटी झाली तर आवाज ऐकू येतो, पण मृदंगाचा घुमारा नाहीसा होतो, कारण एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि दोघांच्या हवेच्या लाटा परस्परांना खातात. संचापासून तारा सोडवून त्यांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावावा. सेलची धन बाजू योग्य तारेला लागली असेल तर स्पीकरचा पडदा बाहेर सरकतो.

तारा जोडण्याची पद्धत हा तर जिवाचा प्रश्न आहे. मोटारीचा मूळ जोड कापून, तारा पिळून त्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळणे ही आपल्या बाजारातील सर्रास रीत. उन्हाळ्यात त्या पट्टीचा गोंद पातळ होतो, पट्टी सरकते आणि उघडी पिवळी तार लोखंडाला टेकण्याची वाट पाहत राहते. हिच्यामागे संपूर्ण बॅटरी उभी आहे. बॅटरी १२ व्होल्टची असल्यामुळे माणसाला झटका बसत नाही. परंतु ती एका क्षणात शेकडो अँपिअर देऊ शकते, आणि बारीक तार लाल होऊन तिचे आवरण पेटण्यास तेवढे पुरेसे आहे. या संकटात मध्ये उभा राहतो तो केवळ फ्यूज. फ्यूज हा यंत्राच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, हे ज्याला उमगले तो १० अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी कधीही घालणार नाही. कापाकाप टाळण्यासाठी प्रत्येक गाडीच्या जोडाला बसणारी तयार मधली जोडणी मिळते. तिची किंमत संचाच्या मानाने नगण्य असते. तरीही गिऱ्हाईक नेमकी तीच वाचवू पाहते आणि दुकानदारही आग्रह धरत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

दुकानातील खोक्यांवर ‘५० वॅट × ४’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा कोठून येतो हे पाहणे मनोरंजक आहे. चालू इंजिनात विद्युत्दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो आणि मोटारीच्या स्पीकरचा रोध ४ ओहम. १४.४ चा वर्ग करून त्याला ४ ने भागले की जवळजवळ ५२ येतात. म्हणजे सारा दाब अखंडपणे स्पीकरवर लोटला तर मिळेल ती ही शक्ती. पण असा अखंड लोट म्हणजे संगीत नव्हे, ती नुसती घरघर आहे. शुद्ध स्वराच्या लाटेला या मर्यादेत जास्तीत जास्त २६ वॅट मिळू शकतात आणि प्रत्यक्षातील घट वजा जाता हाती लागतात १७ ते २२. वेगळा ध्वनिवर्धक नसलेला कोणताही संच घ्या, त्याच्या नावामुळे वा किमतीमुळे या गणितात फरक पडत नाही. तेव्हा वॅटच्या आकड्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत. उरलेले पैसे दारातील फाटक्या स्पीकरांवर खर्च करावेत.

आता त्या विणलेल्या भागाकडे वळू. बॉश कंपनीने १९८६ साली ‘कॅन’ नावाची व्यवस्था जाहीर केली. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून मोटारीतील निरनिराळी नियंत्रणयंत्रे संदेशांची देवघेव करतात. चक्रावरील ‘आवाज वाढवा’ हे बटण अशा मोटारीत एखादी तार जोडत नाही, ते एक वाक्य उच्चारते. आणि ते वाक्य त्या कंपनीच्या बोलीत असते. बाहेरच्या संचाला ती बोली येत नाही. म्हणून मध्ये एक लहान डबी बसवावी लागते, जी एका बाजूची बोली ऐकून दुसऱ्या बाजूला समजेल अशा भाषेत सांगते. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला या डबीविषयी आपुलकी वाटावी हे साहजिकच आहे. तिचेही दोष आमच्यासारखेच: मूळ शब्दसंपदा अपुरी असेल तर ती जे समजले नाही ते मुकाट्याने गाळते. मागच्या अडथळ्याची सूचना अशीच गळून पडू शकते. ज्या मोटारीत ही सूचना मूळ संचातून ऐकू येत असे, तिच्या मालकाने ती नव्या संचानंतरही ऐकू येते ना, याची खात्री करून मगच पैसे द्यावेत.

डॅशबोर्ड उघडताना सुरक्षा-पिशव्यांचे भान ठेवणे अनिवार्य आहे. बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि काही मिनिटे थांबावे, कारण पिशवी उडविणाऱ्या यंत्रणेत साठलेली शक्ती ओसरावयास वेळ लागतो. या यंत्रणेच्या तारा व जोड सामान्यतः पिवळ्या आवरणात असतात. संचाची पिवळी तार शोधणाऱ्याने हे आवरण पाहिले की हात मागे घ्यावा. नव्या संचासाठी प्रवाह तेथून घेण्याचा विचारही करू नये.

हा सगळा खटाटोप का करावा, जुनी गाडी विकून नवी का घेऊ नये, असे कोणी विचारील. मरैमलै नगर येथे फोर्डचा कारखाना होता. १९९९ साली आलेली आयकॉन आणि २०१० ची फिगो तेथलीच. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातील मोटारींचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली आणि २०२२ मध्ये तेथील मोटारींची बांधणी संपली. आपल्याकडे पुण्याजवळील तळेगाव येथे शेवरोले मोटारी बनत. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री बंद केली आणि तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. कंपन्या गेल्या, मोटारी मात्र रस्त्यावर राहिल्या. सुट्या भागांचा पुरवठा चालू ठेवण्याची ग्वाही दिली जाते, आणि तेलाची गाळणी किंवा ब्रेकचे पॅड मिळतातही. पण विशिष्ट वर्षाच्या, विशिष्ट प्रकारच्या गाडीचा मूळ संच ही सर्वांत आधी दुर्मीळ होणारी वस्तू आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि मोटारींचा समावेश तिच्या चार क्षेत्रांत केला. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी एक माहितीस्थळही सुरू झाले. तथापि, तारांचा नकाशा गावातील कारागिराला हातात मिळेपर्यंत त्याचा मीटर आणि त्याची सचोटी यांवरच भिस्त आहे.

शेवटी तपासणी. डॅशबोर्डाची चौकट दाबून बसविण्यापूर्वीच, तारा बाहेर लोंबकळत असताना, सर्व गोष्टी एकदा पाहून घ्याव्यात. चारही स्पीकर एकेक करून ऐकावेत. किल्ली काढून पाच मिनिटांनी पुन्हा लावावी आणि केंद्रे लक्षात राहिली का ते पाहावे. तिरुचिरापल्ली किंवा कारैकल केंद्र पूर्वीपेक्षा क्षीण लागत असेल तर छतावरच्या आकाशकाडीतील लहान वर्धकाला प्रवाह मिळत नाही, असे समजावे. निळी तार तेथे जोडायची राहिली असणार. मागचा गिअर टाकून कॅमेरा पाहावा. दिवे लावून पडदा मंद होतो का तेही पाहावे. रात्री तिरुनळ्ळारहून परतताना डोळ्यांसमोर प्रखर पडदा असणे त्रासाचे आहे. हातब्रेकला जोडावयाची एक तार संचाला असते. ब्रेक ओढलेला असतानाच चलच्चित्र दिसावे हा तिचा हेतू. पुष्कळ दुकानांत ती सरळ सांगाड्याला जोडून देतात, जेणेकरून धावत्या गाडीतही चित्रपट दिसावा. गिऱ्हाईक मागते म्हणून आम्ही देतो, असे त्यांचे उत्तर असते. भाड्याच्या मोटारीत मागे सहा माणसे बसलेली असतात. ती तार जेथे जावयास हवी तेथेच गेली पाहिजे.

काढलेला मूळ संच भंगारात देऊ नये. तो, त्याचे स्क्रू आणि कोणती तार कोठे जोडली याची एक चिठ्ठी, असे सारे एका डब्यात घालून कोरड्या जागी ठेवावे.